ट्रिकसीन बरो, पण नाटक खंय?

सिंधुदुर्गात जत्रांचा हंगाम सुरू झाला की नाक्यावरच्या फलकांवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या जाहिरातींत दोन शब्द हमखास दिसतात. एक ‘ट्रिकसीनयुक्त’, दुसरा ‘संयुक्त’. दशावतार हे आमचं रात्रभर चालणारं पौराणिक लोकनाट्य; ट्रिकसीनयुक्त दशावतार म्हणजे त्या नेहमीच्या नाटकाला दिव्यांची, धुराची, पडद्यांची जोड. नाग फणा काढून डोलेल, अंधारातून देवी प्रकटेल, राक्षसाचं शिर धडावेगळं होईल. संयुक्त दशावतार म्हणजे निरनिराळ्या मंडळांतले गाजलेले नट एका रात्रीपुरते एकाच रंगमंचावर. राजपार्ट करणारा एका कंपनीचा, स्त्रीपार्टी दुसऱ्या कंपनीचा, पखवाजाला तिसराच कुणीतरी नावाजलेला. बसायला जागा मिळत नाही, अशा या रात्री.

सुपरहिरोंच्या चित्रपटांचा सगळा डोलारा या दोन गोष्टींवर उभा असतो: करामत आणि अनेक वीरांची एकत्र हजेरी. आपल्याकडे दोन्हींना नावं आहेत आणि दोन्ही पारखायची सवयही आहे. म्हणून दिग्दर्शक जेम्स गनच्या ‘सुपरमॅन’बद्दल याच शब्दांत बोलावंसं वाटतं. मी या प्रकारच्या चित्रपटांचा मनापासून चाहता आहे आणि हा चित्रपट मला आवडला आहे. जिथे तो कमी पडतो तिथे तो कमी का पडतो, हे मला दशावताराच्या मापानेच नीट सांगता येतं. पुढे कथेतले बरेच प्रसंग येणार आहेत. पाहायचा राहिला असेल तर आधी पाहून या.

तो आला ११ जुलै २०२५ ला, गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. कोकणात हे दिवस भर पावसाचे, लावणीचे. दशावताराचे पेटारे तेव्हा बंद असतात, कार्तिकापर्यंत कुणी तोंडाला रंग लावत नाही. चित्रपटगृहं मोजकी. दक्षिणेकडच्या माणसाला पणजी जवळ, बाकीच्यांना घाट चढायचा तर दरडीची धास्ती. इतकी यातायात करून जायचं तर खेळ निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक, शक्यतो टू-डी निवडावा. पडद्यावरच्या उजेडाचं प्रमाण टू-डीसाठी १४ फूट-लँबर्ट धरलेलं आहे. थ्री-डीत प्रोजेक्टरच्या आणि चष्म्याच्या गाळण्यांत त्यातला बराचसा उजेड मरतो. दिवा जुना असेल तर आणखी. सुपरमॅनचा निळा रंग अशा वेळी सरळ राखाडी दिसतो आणि रात्रीच्या प्रसंगांत काहीच कळत नाही. दुसरं म्हणजे आवाज. ध्वनियंत्रणेच्या फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या कळीवर, ७ हा प्रमाण आकडा, पण तक्रारी नकोत म्हणून तो पुष्कळ ठिकाणी ५ च्या आसपास ठेवतात. छतावर पाऊस कोसळत असेल तर हळू बोललेली वाक्यं आणि श्वास, दोन्ही हरवतात. अशा दिवशी पडद्यापासून दोन-तृतीयांश अंतरावर, मधोमध बसावं. बाजूच्या खुर्च्यांवर जवळच्या भिंतीवरचा स्पीकर बाकी सगळ्यावर मात करतो.

आता नाटकाकडे.

दशावतारात राजपार्टाची एंट्री म्हणजे अर्धी लढाई. पखवाजाचा ठेका चढतो, झांज धरली जाते, नट येतो, गिरक्या घेतो, मग बाकड्यासमोर थांबतो. ते साधं लाकडी बाकडं. त्यावर एक कापड. आता ते सिंहासन. कुठलाही देखावा नसताना माणूस राजा होतो तो त्या थांबण्यामुळे: फिरणं जोरात आणि थांबणं एकदम, पाय रोवून. नवशिक्या नटाचं थांबणं डळमळतं. मुकुट हलतो, हात सावरायला जातो, राजा गेला. म्हणून आधी डोकं फडक्याने आवळून घ्यायचं आणि मग मुकुट चढवायचा. ही बाब रंगपटातली, पण तिच्यावर राज्य उभं असतं.

गनने एंट्रीत जे केलं आहे ते याच्या अगदी उलट आहे, आणि मला ते फार आवडलं. पडद्यावर अक्षरं येतात: तीन शतकांपूर्वी अमुक, तीन दशकांपूर्वी तमुक, असं करत करत तीन मिनिटांपर्यंत. तीन मिनिटांपूर्वी सुपरमॅन पहिल्यांदाच एक लढाई हरला आहे. आणि मग तो आकाशातून येऊन बर्फात आदळतो. तोंडात रक्त, फासळ्या मोडलेल्या, श्वास अडकतोय. शीळ घालतो तीही धड निघत नाही. क्रिप्टो नावाचा कुत्रा येतो, त्याच्या अंगावर नाचतो आणि मग त्याला ओढत नेतो. वीराची मूळ कथा, ग्रह फुटला, बाळ पाळण्यात घालून पाठवलं, हे सगळं चार ओळींत उरकलं. हा निर्णय शहाणपणाचा आहे. ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या १९३८ च्या जूनच्या अंकात जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी आणलेलं हे पात्र. त्याचा जन्म पुन्हा दाखवण्याची गरज नाही. जत्रेतल्या प्रेक्षकाला अभिमन्यू कोण हे कुणी सांगत नाही. तो चक्रव्यूहात कसा शिरतो एवढंच पाहायला लोक जागतात.

ट्रिकसीनच्या बाबतीत सुपरमॅनची परीक्षा एकच: तो उडतो असं वाटतं का? १९७८ च्या रिचर्ड डॉनरच्या चित्रपटात क्रिस्टोफर रीव्ह कसा उडाला ते जाणून घेण्यासारखं आहे, कारण आजचे संगणकी उड्डाणही त्याच ठिकाणी फसतं. त्या वेळी तारा होत्या, क्रेन होत्या आणि समोरून चित्र टाकण्याची एक पद्धत होती. नटाच्या मागे असा पडदा लावायचा की जो प्रकाश आला त्याच दिशेला परत फेकतो. कॅमेऱ्यासमोर ४५ अंशांत अर्धपारदर्शक आरसा, आणि बाजूला काटकोनात प्रोजेक्टर. ढगांचं चित्र आरशावरून पडद्यावर जातं आणि नेमकं कॅमेऱ्यात परततं. नटाच्या अंगावरही ते पडतं, पण इतकं फिकं की दिसत नाही. आणि त्याची सावली त्याच्याच मागे लपते. झोरान पेरिसिच यांनी यात एक गोष्ट घातली: कॅमेऱ्याला आणि प्रोजेक्टरला सारखीच झूमची भिंगं लावून दोन्ही एकमेकांना जोडली. प्रोजेक्टर चित्र लहान करतो, कॅमेरा त्याच वेगाने तेवढाच जवळ जातो. मागचे ढग होते तेवढेच दिसतात, मधला माणूस मात्र मोठा होत होत अंगावर येतो. प्रत्यक्षात तो जागचा हललेला नसतो. त्या कामासाठी त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ऑस्करचा विशेष पुरस्कार मिळाला. झोकदार कल्पना आहे, आणि तिच्या मुळाशी असलेली गोष्ट दशावतारातल्या राक्षसाला माहीत असते. तो मागून पुढे, थेट प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेपर्यंत येतो तेव्हा पोरं आयांच्या कुशीत शिरतात. मोठं होत जाणं म्हणजे जवळ येणं.

उड्डाण फसतं ते बहुतेक वेळा पोटाशी. पट्टा कमरेला असतो, तारा दोन्ही कुल्ल्यांवर. नटाने पाठ आणि पोट ताणून धरलं नाही तर धड खाली झुकतं, पाय लोंबतात, आणि उडणारा माणूस टांगलेला दिसू लागतो. रीव्ह यात तरबेज होता. वळताना आधी नजर, मग खांदा, मग कंबर, असं त्याचं अंग वळतं, घारीसारखं. संगणकावर केलेल्या शरीरात ही चूक वेगळ्या रूपात येते. तिथे पाय लोंबत नाहीत, पण वेग एकदम येतो आणि एकदम जातो. जड वस्तू हलायला वेळ घेते, थांबायलाही. हा वेळ खाल्ला की डोळा फसत नाही. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको; होडी धक्क्याला लावताना इंजिन किती आधी बंद करावं लागतं हे त्याने पाहिलेलं असतं.

नव्या चित्रपटात कॅमेरा उडणाऱ्या सुपरमॅनच्या तोंडासमोर अगदी जवळ, रुंद भिंगातून राहतो. चेहरा किंचित पसरट होतो, केस वाऱ्याने मागे, मागचं दृश्य कडांना ओढलं जातं. पुष्कळांना हे आवडलं नाही. मला आवडलं, कारण त्याने उड्डाणात कष्ट दिसतात. सुपरमॅन झालेल्या डेव्हिड कोरेन्स्वेटच्या डोळ्यांत तो कुठे निघाला आहे ते दिसतं. लांबून, खालून, झेप घेणारी लाल-निळी रेघ दाखवणं सोपं. पण रेघेवर कुणी जीव लावत नाही.

निळ्याचं आणखी एक. १९७८ मध्ये काही प्रसंग निळ्या पडद्यासमोर टिपायचे होते. निळा पडदा काढून टाकताना निळा पोशाखही नाहीसा झाला असता. म्हणून त्या प्रसंगांसाठी पोशाख हिरवट निळ्या रंगाचा शिवला आणि मागाहून रंग दुरुस्त केला. आज बहुतेक पडदे हिरवे असतात, कारण डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकावर लाल आणि निळ्याच्या प्रत्येक एका बिंदूमागे हिरव्याचे दोन बिंदू असतात. हिरव्याची कड स्वच्छ कापली जाते. पण हिरव्याची झाक कातडीवर पडते, विशेषतः कानांच्या पाळीवर आणि केसांच्या कडांना. तिथे पाहिलं की काम कितपत झालं आहे ते कळतं. या चित्रपटात दिवसाच्या दृश्यांत ती कड जवळपास कुठेच उघडी पडत नाही. आणि विजारीवरची लाल चड्डी परत आली आहे. ती सर्कशीतल्या पहिलवानांच्या पोशाखातून आलेली. मधल्या चित्रपटांनी ती लाजेने काढून टाकली होती. पहिलवानाचा पोशाख घातला की माणूस थोडा बालिश दिसतो, आणि या सुपरमॅनला तसं दिसण्याची भीती वाटत नाही. तो शहर पायाखाली तुडवणाऱ्या अजस्र प्राण्याशी लढता लढता एका खारीला उचलून बाजूला ठेवतो. तो प्राणीही मरू नये असंच त्याला वाटत असतं. ही खार काढा म्हणणाऱ्यांशी माझं जमणार नाही.

लढाया मात्र सगळ्या सारख्या नाहीत. दशावतारात युद्ध म्हणजे नाच असतो. दोन योद्धे गोल फिरतात, तलवारी एकमेकींना पुरत्या लागतही नाहीत. लागल्याचा भास झांज देते. वार आणि झांज यांत निमिषाचा फरक पडला की युद्ध खोटं होतं. म्हणून चांगला झांजवाला तलवारीकडे पाहत नाही, नटाच्या खांद्याकडे पाहतो, कारण खांदा आधी उचलला जातो. चित्रपटात हेच काम ध्वनी करतो, आणि दोन संगणकी देह एकमेकांवर आपटतात तेव्हा बहुतेक वेळा गडबड होते ती खांद्याचीच: मारण्यापूर्वीची तयारी नाही, मार खाल्ल्यावरचा झोल नाही. सलग वीस ठोसे झाले की एकही लागत नाही.

यावर या चित्रपटाने काढलेली एक युक्ती अप्रतिम आहे. सुपरमॅनशी लढणारा अल्ट्रामॅन स्वतःच्या डोक्याने लढतच नाही. सुपरमॅनचा वैरी लेक्स लूथर लांब बसून, पडद्यांवर लढाई बघत, डावांचे आकडे आणि अक्षरं ओरडतो आणि अल्ट्रामॅन तसा डाव टाकतो. म्हणजे पखवाज आधी, वार नंतर. निकोलस होल्टने हा लूथर असा केला आहे की मत्सराने त्याचं अंग आंबलेलं वाटतं. त्याच्या आवाजातली घाई वाढते तशी लढाई वाढते. मग क्रिप्टो कुत्रा लूथरचे उडते कॅमेरे चावून फोडतो. लूथरला काही दिसेना. ठेका बंद पडला आणि नाचणारा जागच्या जागी उभा राहिला. शेवटच्या लढाईतला हा क्षण सर्वांत मोठा, आणि तो कुत्र्याने घडवला. करामत कथेच्या कामाला आली ती अशी.

‘संयुक्त’ बाजू लवकर आटपतो, कारण चित्रपटानेही ती आटपली आहे. मिस्टर टेरिफिक, हॉकगर्ल, ग्रीन लँटर्न असे तिघे येतात. एडी गॅथेगीचा टेरिफिक झकास, कमी बोलणारा, कामाचा. त्याची समुद्रकिनाऱ्यावरची लढाई, जिथे त्याच्या उडत्या गोलांनी छावणी साफ होते आणि सुपरमॅनची प्रेयसी, पत्रकार लोइस त्याच्या सोबत उभी असते, ती चित्रपटातली सर्वांत स्वच्छ मांडलेली लढाई आहे: कोण कुठे आहे हे एकदाही हरवत नाही. इझाबेला मर्सेडच्या हॉकगर्लला मात्र पंख, किंकाळी आणि फारच थोडे संवाद. संयुक्त नाटकात हे नेहमी होतं. मोठ्या नटाला बोलावलं म्हणून त्याला एंट्री द्यावी लागते, आणि आख्यानात त्याच्यासाठी काम नसतं. जुन्या मंडळांत धनी संध्याकाळी आख्यान सांगतो, भूमिका वाटतो आणि कुणाला किती ताणू द्यायचं हे मनाशी धरून असतो. चित्रपटाला असा धनी शेवटच्या अर्ध्या तासात सापडत नाही.

सगळ्यांत चांगला प्रसंग कुठला विचाराल तर करामत नसलेला. लोइस क्लार्कची, म्हणजे सुपरमॅनची, मुलाखत घेते. स्वतःच्या घरात. कथेतल्या बोराव्हिया या देशाने शेजारच्या जरहानपूरवर हल्ला केला होता, सुपरमॅनने तो थांबवला. कुणाला विचारून? तू कुणाचा प्रतिनिधी म्हणून गेलास? रेचेल ब्रॉस्नहन प्रश्न विचारताना प्रेयसी राहत नाही, आणि तो उत्तर देताना देव राहत नाही. चिडतो, उठतो, येरझाऱ्या घालतो, लोक मरणार होते एवढंच पुन्हा पुन्हा म्हणतो. दशावतारात संहिता लिहिलेली नसते. शास्त्रार्थाचे संवाद समोरासमोर, तिथल्या तिथे सुचतात. वामन आणि बळी यांचं वाजलं तर तासभर वाजतं, आणि मागे हार्मोनियमवाला स्वर धरून वाट पाहत बसतो. प्रेक्षक झोपेतून उठून बसतात ते अशा वेळी. ही मुलाखत तशी आहे. ती मूळ भाषेतच पाहावी. डबिंगला नट एकेकटे, आळीपाळीने बोलतात, त्यामुळे एकाचं वाक्य दुसऱ्याने तोडण्याची, दोघांनी एकदम बोलण्याची ऊब बहुतेक वेळा निघून जाते. भारतात दाखवलेल्या प्रतीतून त्या दोघांचं ३३ सेकंदांचं चुंबन कापलं गेलं, त्याने कथा अडत नाही. पण अशी काप घेतली की त्याखालचं संगीत अर्ध्यात तुटतं, आणि डोळ्याआधी कानाला कळतं की इथे काहीतरी होतं.

नाटक खरोखर हरवतं ते लूथरच्या खिशातल्या विश्वात, म्हणजे त्याने आपल्या जगाबाहेर उभारलेल्या छोट्या जगात. तुरुंग तिथे, नदी तिथे, माकडं तिथे बसून समाजमाध्यमांवर सुपरमॅनची बदनामी टंकत आहेत. कल्पना म्हणून माकडं उत्तमच. पण त्या जागेला वर नाही, खाली नाही. उजेड कुठून येतो ते कळत नाही, त्यामुळे सावली पडत नाही, आणि सावली नसलेला माणूस जमिनीवर उभा आहे असं डोळा मानत नाही. आपल्या नाटकातही रिकाम्या जागेत पाताळ उभं राहतं, पण नट आधी वाकतो, डोक्यावर हात धरतो, अंधारात चाचपडतो. पाताळ त्याच्या अंगावर दिसतं. इथे कोरेन्स्वेटला असं करायला मिळालं ते फक्त त्याला आजारी पाडणाऱ्या क्रिप्टोनाइटसमोर. अँथनी कॅरिगनचा मेटामॉर्फो अंगाचा हवा तो पदार्थ करू शकतो; त्याच्या हाताचं हिरवं क्रिप्टोनाइट झालं आहे, कारण त्याचं तान्हं मूल लूथरच्या ताब्यात आहे. आजारी सुपरमॅन कोठडीत कोसळलेला, आणि शेजारी एक बाप रडत त्याला आजारी ठेवतो आहे. या दोघांच्या तोंडावर कॅमेरा थांबतो तेवढ्या वेळापुरतं ते विश्व खरं होतं.

तिथेच लूथर मलिक अलीला आणतो. फलाफल विकणारा माणूस. सुरुवातीला सुपरमॅन रस्त्यावर आपटतो, मोठा खड्डा पडतो, तेव्हा त्याला हात देऊन उठवतो तो हा मलिक. त्याच्याकडे शक्ती नाही, पोशाख नाही, आख्यानात नाव नाही. लूथर त्याच्या डोक्याला पिस्तूल लावतो आणि सुपरमॅनला प्रश्न विचारतो. फिरत्या खान्यात एकच गोळी. सुपरमॅन जे माहीत आहे ते सांगतो, सांगण्यासारखं फारसं नाहीच. गोळी सुटते. सगळ्या चित्रपटात हा एक मृत्यू असा आहे की पुढच्या खुर्चीवर टेकलेले गुडघे मागे येतात. पृथ्वीवरचा सर्वांत बलवान माणूस हातभर अंतरावर आहे आणि हात पुढे करू शकत नाही.

आणि चित्रपट पुढे पळतो. सुटकेची धावपळ, नदी, कृष्णविवर. घाई समजते, २ तास ९ मिनिटांत बरंच काही बसवायचं आहे. पण जत्रेत पहाटे तीन वाजता रंगमंचावर कुणी मरतं, तेव्हा नाटक तिथे थांबतं. बाकड्याजवळ देह पडलेला असतो. पखवाजवाला हात काढून घेतो. हार्मोनियमचा एकच स्वर राहतो आणि आई, बायको, भाऊ, जो कोणी उरला असेल तो खाली बसून विलापाचं पद म्हणतो, पूर्ण म्हणतो, घाई न करता. पुढचं युद्ध विंगेत तलवार घेऊन उभं असलं तरी. मलिक अलीला ते पद मिळायला हवं होतं.